घासलेली आफ्रिका

माझ्याकडे प्लायवूडचे सात खंड आहेत आणि ते मी स्वतः केले आहेत, हे मी आयुष्यात भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला सांगितलं आहे. दातांच्या डॉक्टरांना सांगितलं आहे, रिक्षावाल्यांना सांगितलं आहे, लेकीच्या सासरच्यांना तर पहिल्याच भेटीत. मी अंधेरीच्या एका मराठी शाळेत आठवीला भूगोल शिकवते. शाळेत भूगोलाला कसं वागवतात हे ज्याला माहीत आहे त्याला माझी ही हौस समजेल. गणिताच्या बाईंचा पाठ मागे पडला की भूगोलाचा तास जातो. स्नेहसंमेलनाची तालीम आली की भूगोलाचा तास जातो. परीक्षेतसुद्धा तो इतिहासाच्या कडेवर बसून येतो. अशा विषयाची बाई म्हणून उभं राहायचं तर हातात काहीतरी खणखणीत हवं, असं मला नोकरीला लागल्या लागल्याच वाटलं होतं.

त्या वर्षी आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमध्ये शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराचं काम चाललं होतं. सुताराने टाकून दिलेले प्लायवूडचे तुकडे मी मागून आणले. जगाचा भिंतीवर लावायचा मोठा नकाशा विकत घेतला, त्यातले खंड कापून प्लायवर चिकटवले आणि सुताराचीच बारीक पात्याची करवत उसनी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने कापत गेले. चार रविवार गेले. नवरा म्हणाला, "घरात कांदा नाही आणि तू ऑस्ट्रेलिया कापतेयस." मी म्हटलं, कांदा तूपण आणू शकतोस, ऑस्ट्रेलिया तुला जमणार नाही.

कापून झालं आणि मी मोठ्या हौसेने दक्षिण अमेरिका आफ्रिकेला लावून पाहिली. पुस्तकात लिहिलेलं असतं की हे दोन किनारे एकमेकांत बसतात. माझे बसेनात. ब्राझीलचा फुगवटा वरच्या बाजूला अडायचा आणि खाली बोटभर फट राहायची. मी काय केलं, कानस घेतली आणि जिथे अडत होतं तिथे घासलं. तरी फट राहिली म्हणून आणखी घासलं. वरून पॉलिश पेपर मारला. मग ते दोन तुकडे असे बसायला लागले की बसताना टक्क आवाज यायचा.

त्या टक्क आवाजावर मी बावीस वर्षं राज्य केलं. पाठाचा दिवस आला की साडीच्या खोक्यातून खंड काढायचे, टेबलावर पसरायचे आणि मुलांना विचारायचं, "आत्ता तुमचे पाय जमिनीवर आहेत, ती जमीन जागची हलते का?" सगळी मुलं एका सुरात नाही म्हणतात. मी म्हणायचे, हलते. तुमची नखं वाढतात ना, साधारण त्या वेगाने हलते. मग सगळा वर्ग आपापल्या नखांकडे बघत बसायचा. त्यानंतर दुधाची साय. तापलेल्या दुधावर साय धरते, खालून दूध उकळत असतं, साय तडकते आणि तिचे तुकडे इकडेतिकडे सरकतात. आपण त्या सायीवर राहतो. एका वर्षी एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्याकडे पिशवीचं दूध येतं, त्याला साय धरतच नाही." मी त्याला म्हटलं, मग तू पाण्यात पडलास असं समज.

मग भारत. भारताचा तुकडा मी वेगळा केला होता, कारण त्या काळी तो वेगळाच हिंडत होता. तो आफ्रिकेच्या कुशीतून सुटला, एकटा उत्तरेकडे निघाला, वाटेत त्याच्या पोटातून लाव्हा वाहिला आणि शेवटी आशियाला जाऊन धडकला. शाळेच्या गच्चीवरून गावदेवीचा काळा उभा डोंगर दिसतो, तो त्याच प्रवासातला दगड आहे हे मी सांगायचे तेव्हा मुलं खिडकीकडे धावायची. आणि सगळ्यात शेवटी टक्क. बाकं वाजायची. दुसऱ्या वर्गातली मुलं दारातून डोकावायची. इतर शाळांच्या शिक्षकांनी येऊन माझ्या खंडांचे फोटो काढले आहेत. मला त्याचा अभिमान होता आणि तो मी कधी लपवला नाही.

मग तीन वर्षांपूर्वीच्या आठवीत ती मुलगी आली.

वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. तिसऱ्या बाकावर खिडकीकडे बसायची. वह्या कायम अपूर्ण, अक्षर असं की वाचताना चष्मा पुसावासा वाटावा. पण नकाशापुस्तक मात्र सदैव उघडं. गणिताच्या तासालाही मांडीवर नकाशापुस्तक उघडं असतं अशी तिची तक्रार माझ्याकडे आली होती, आणि खरं सांगते, मला ती तक्रार गोड वाटली होती.

त्या वर्षी मी नवीन टूम काढली. प्रत्येकाला जगाचा कोरा नकाशा दिला आणि सांगितलं, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका कापा, जुळवा आणि वहीत चिकटवा. पंधरा मिनिटांत टेबलावर वह्यांचा ढीग. एकूण एक वहीत दोन्ही खंड चिकटून बसलेले. मुलांनी काय केलं होतं ते मला दिसत होतं. जे अडत होतं ते कात्रीने उडवलं होतं. आपल्या शाळांत हे सगळे करतात. प्रयोगवहीत आधी उत्तर लिहायचं आणि मग निरीक्षणं त्या उत्तराला शोभतील अशी भरायची. मी सगळ्यांना 'छान' दिलं. तिच्या वहीत मात्र दोन खंडांमध्ये फट होती, आणि वरच्या बाजूला एकाची कड दुसऱ्यावर चढली होती.

"हे काय गं? नीट काप की."

"नीटच कापलंय बाई. आहे तेवढंच कापलंय."

"मग माझं कसं जुळतं?" असं म्हणून मी माझी आफ्रिका तिच्या हातात दिली. खरं तर मी ती कोणाच्या हातात देत नाही. तिने ती उजेडाकडे धरली, कडेवरून बोट फिरवलं, मग आपलं नकाशापुस्तक उघडून शेजारी ठेवलं.

"बाई, ही घासलेली आहे," ती म्हणाली. "इथे किनाऱ्याची काळी रेघच नाही. रेघ गेली."

वर्ग हसला. तिला नव्हे, मला हसला. तिच्या आवाजात आगाऊपणा नव्हता. ती फक्त दिसलं ते सांगत होती. आणि मला राग आला तो ती खोटं बोलली म्हणून नाही, खरं बोलली म्हणून. बावीस वर्षांत ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा आता लक्षात राहिलं नव्हतं, इतकी मला त्या टक्कची सवय झाली होती.

मी म्हटलं, "आधी स्वतःच्या वह्या पूर्ण कर, मग माझ्या आफ्रिकेला नावं ठेव. बस खाली. तोंड वर करून बोलायचं नाही."

ती बसली. आफ्रिका टेबलावर अलगद ठेवून बसली.

पुढचे दोन आठवडे ती माझ्या तासाला बोलली नाही. मी प्रश्न विचारला की उभी राहायची, "माहीत नाही बाई" म्हणायची आणि बसायची. सगळ्यांत वाईट म्हणजे नकाशापुस्तक बंद झालं. ते दप्तरातच राहायला लागलं. तिच्या वह्या मात्र पूर्ण यायला लागल्या, फळ्यावरचं सगळं जसंच्या तसं उतरवलेलं. शिक्षकखोलीत एकजण म्हणालीसुद्धा, सुधारली गं ती.  मी एका बघणाऱ्या पोरीचे डोळे मिटवले होते आणि लोक मला शाबासकी देत होते.

मासळीशिवाय आमच्या घरात बुधवार आणि रविवार उगवत नाही. माझे वडील कोकणातून गिरणीत आले, गिरणी गेली, पण जिभेची सवय गेली नाही. शाळा सुटल्यावर मी अंधेरीच्या बाजारातूनच मासळी घेऊन बोरिवलीला जाते. त्या बुधवारी बांगडे निवडत होते, तर कोयत्यावर बोंबील कापणारी बाई मान वर न करता म्हणाली, "तुम्ही भूगोलाच्या बाई ना?"

मी हो म्हटलं. वर्षभर तिच्याकडून मासळी घेत होते, पण ती त्या मुलीची आई आहे हे मला ठाऊक नव्हतं. तिला मात्र मी कोण ते सुरुवातीपासून माहीत असणार.

"काय केलंत माझ्या पोरीला? घरी नुसती टकळी चालू असायची तिची. हा देश इकडे होता, तो तिकडे होता. बापाला जेवू देत नव्हती. आता बुधवारी सकाळी पोटात दुखतं म्हणते. बुधवारी पहिलाच तास तुमचा असतो."

मी म्हटलं, जरा रागावले होते.

"रागवा ना, मास्तरणीने रागवायचं नाही तर कोणी? मीपण धपाटे घालते." तिने बोंबलाचं डोकं उडवलं. "पण तिने विचारलं ते चुकीचं काय होतं ते तरी सांगा. ती बापाला म्हणाली, बाई किनाऱ्यावरून कापायला लावतात. बाप हसला. म्हणाला, किनारा कसला, तो तर रोज दोनदा पुढे-मागे होतो. ओहोटीला या बघायला, कुठल्या कुठे जातो. आमची बोट आठ-आठ दिवस बाहेर असते. अख्खा दिवस सरळ मावळतीकडे चालवली ना, तरी दोरीला वजन बांधून सोडलं की खाली तळ लागतो. मग जमीन संपली कुठे?"

मी बांगडे घेतले, सुटे पैसे घ्यायचे विसरले आणि बसस्टॉपवर येऊन उभी राहिले. भूखंडाची कड समुद्राच्या आत बरीच पुढे असते हे मी बी.ए.ला शिकले होते. परीक्षेत त्यावर टीप लिहून आले होते. आणि तरी बावीस वर्षं मी किनाऱ्यावरून कापलं, जुळेना म्हणून घासलं, आणि ज्या पोरीच्या बापाला ते रोजच्या पोटासाठी माहीत होतं त्याच पोरीला खाली बसवलं.

घरी पोचल्यावर चहासुद्धा न घेता नकाशापुस्तक काढलं. प्रत्येक खंडाभोवती समुद्रात फिक्या निळ्या रंगाचा पट्टा असतो. कुठे रुंद, कुठे दोऱ्याएवढा. मुंबईसमोर तर चांगला ऐसपैस आहे. उथळ समुद्र. मी तो हजार वेळा पाहिला होता आणि एकदाही बघितला नव्हता. बटरपेपर ठेवून त्या फिक्या निळ्याच्या बाहेरच्या कडेने दोन्ही खंड उतरवले, कापले आणि डायनिंग टेबलावर सरकवत एकत्र आणले. न घासता, न कातरता ते जवळ आले आणि बसले. टक्क आवाज आला नाही, कागदच तो. पण मला जे वाटलं ते त्या पहिल्या टक्कच्या वेळी वाटलं नव्हतं.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे बावीस वर्षं तू पोरांना टोपी घातलीस." मी म्हटलं, हो. इतक्या चटकन मी कबूल होईन असं त्याला वाटलं नसावं, कारण तो उठून माझ्यासाठी चहा टाकायला गेला.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या गेल्या मी सगळ्यांसमोर सांगितलं की त्या दिवशी तिचं बरोबर होतं, माझी आफ्रिका घासलेली आहे आणि तिला खाली बसवलं ते माझं चुकलं.  बाई माफी मागतात तेव्हा कसं बसायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ती मान हलवून "ठीक आहे बाई" म्हणाली.  तास संपेपर्यंत मी वाट पाहिली, दुसऱ्या तासाला पाहिली. नकाशापुस्तक काही बाहेर आलं नाही. मला थोडा रागही आला, की आता मागितली ना माफी, अजून काय पाहिजे. मग माझं मलाच कळलं. मोठ्यांची माफी पोरांना लगेच पटत नाही. त्यांनी पाहिलेलं असतं की माफी मागणारा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच वागतो.

नेमकी त्याच महिन्यात शिक्षण परिषद आमच्या शाळेत आली. आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक जमतात, या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख येतात आणि एक शिक्षक खऱ्या मुलांना घेऊन सगळ्यांसमोर आदर्श पाठ देतो. तो आदर्श पाठ म्हणजे काय असतं ते बाहेरच्यांना सांगायला हवं. त्याची आठ दिवस तालीम होते. कोणता प्रश्न कोणाला विचारायचा, कोणी एकदा चुकायचं, ते चुकल्यावर कोणी दुरुस्त करायचं, सगळं ठरतं. हुशार मुलं पुढे बसतात. आणि जी मुलं भलतंच काही बोलून पाठाची वाट लावतील त्यांना त्या दिवशी ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालायला बसवतात. मीही अशी मुलं बसवली आहेत.

मुख्याध्यापिका माझ्याच बरोबरीच्या, एकाच वर्षी नोकरीला लागलो आम्ही. त्यांनी माझं नाव दिलं आणि म्हणाल्या, "तुझे ते खंड काढ. ते टक्क झालं की केंद्रप्रमुख खूष. आणि ती कोळीवाड्यातली मुलगी ग्रंथालयात. मागे तिने काय केलं ते ऐकलंय मी."

"ती बसणार वर्गात," मी म्हटलं.

"अगं चाळीस शिक्षक असतील. मध्येच बोलली म्हणजे?"

"मी तीच वाट बघतेय."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

मी म्हटलं, ती नसेल तर पाठ दुसऱ्या कोणाला द्या. हे म्हणताना मी दिसत असेन तेवढी शूर नव्हते. चाळीस शिक्षकांपुढे फजिती होण्याची मलाही भीती होती, आणि ती मुलगी तोंड उघडेल याची तर काहीच खात्री नव्हती. पण आठ दिवस मी एकही तालीम घेतली नाही. मुलं येऊन विचारायची, "बाई, आम्ही काय बोलायचं?" मी सांगायचे, जे दिसेल ते. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही.

पाठाच्या दिवशी मागच्या भिंतीला लागून चाळीस शिक्षक, हातात चहाचे कागदी कप. केंद्रप्रमुख पुढच्या खुर्चीवर मांडीवर कागद घेऊन. नखं झाली, साय झाली, भारताचा प्रवास झाला. मग मी खोकं उघडलं आणि आफ्रिकेला दक्षिण अमेरिका लावली. टक्क. मागे टाळ्या वाजल्या. माझ्या ओळखीच्या दोन शिक्षिका एकमेकींकडे बघून हसल्या, बघ सांगितलं होतं ना, अशा.

मी टाळ्या संपू दिल्या आणि म्हटलं, "हे खोटं आहे. मी हे कानशीने घासून बसवलंय. गेली बावीस वर्षं."

मागे कोणाचा तरी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मी मुलांना बटरपेपर आणि नकाशापुस्तकं दिली आणि विचारलं, "किनाऱ्यावरून कापलं तर जुळत नाही. मग कापायचं कुठून? जमीन संपते कुठे?"

 पहिल्या नंबरचा मुलगा चाळा म्हणून पेन्सिलीला टोक काढू लागला. मी तिच्याकडे मुद्दाम बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला उत्तर द्यावंच लागलं असतं, आणि तसं मिळालेलं उत्तर मला नको होतं. केंद्रप्रमुखांनी घड्याळ पाहिलं. मुख्याध्यापिका दारात उभ्या राहून माझ्याकडे डोळे वटारत होत्या. वर्गात इतका वेळ शांतता मी बावीस वर्षांत राहू दिली नव्हती. आणि मग तिसऱ्या बाकावर दप्तराची चेन उघडल्याचा आवाज आला.

तिने स्वतःचं नकाशापुस्तक काढलं. हात वर न करताच उभी राहिली.

"किनाऱ्यावर नाही संपत बाई," ती म्हणाली. आवाज आधी बारीक होता. "ओहोटीला किनारा आत जातो, भरतीला बाहेर येतो. ती काय कड आहे का? माझे पप्पा दिवसभर बोट चालवतात तरी खाली तळ लागतो. जमीन पाण्याखाली चालूच असते. हा फिका निळा आहे ना, इथपर्यंत. याच्या पुढे ती एकदम खाली जाते."

 मी फक्त "मग कापा" एवढंच म्हटलं. वर्गात कागदांची खसफस सुरू झाली. शिक्षकही भिंत सोडून पुढे आले, बाकांवर वाकून बघायला लागले. थोड्या वेळाने एकेका बाकावरून आवाज यायला लागले, बसलं, बाई बसलं. मला कोण आनंद झाला. मी फळ्याकडे वळले आणि जुन्या सवयीने, विजयी आवाजात म्हणाले, "बघा, आता बरोबर जुळलं. कुठे फट नाही, कुठे अडत नाही."

"अडतंय बाई."

तीच. बसलीच नव्हती ती खाली.

"कुठे?"

"इथे. आफ्रिकेच्या बगलेत. इथे आफ्रिकेचा तुकडा थोडा पुढे आलाय, तो अमेरिकेवर चढतो. सगळ्यांचाच चढतोय, सगळ्यांनी दाबून बसवलाय."

मी तिच्या बाकाशी गेले आणि वाकून पाहिलं. चढत होता. घरी डायनिंग टेबलावर माझाही चढला असणार, आणि मी अंगठ्याने दाबून पुढे गेले असणार. चाळीस शिक्षक माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हो गं. चढतोय. का ते मला माहीत नाही."

असं वाक्य मी वर्गात पहिल्यांदा बोलले. आणि ते ऐकून तिचा चेहरा बदलला, इतक्या आठवड्यांत दिसला नव्हता तो चेहरा. आता तिला कोणाची परवानगी नको होती. ती नकाशापुस्तकावर वाकली, बोटाने काहीतरी शोधलं.

"तिथे मोठी नदी आहे का बाई? आहे. ही बघा, इथे तोंड आहे तिचं."  मग मान वर करून म्हणाली, "मग तो गाळ असेल. आमच्या खाडीच्या तोंडाला साचतो ना, बोटी अडकतात त्यात. ही नदी गाळ आणून टाकत असेल, म्हणून जमीन पुढे आली असेल. पण ते नंतर झालं असणार, खंड सुटल्यानंतर. आधी ती जमीन नव्हतीच. मग ती धरायची नाही."

नंतर मी घरी जाऊन पुस्तकं उघडली. तिने सांगितलं ते शब्दशः बरोबर होतं. तिथे त्या नदीने गाळ टाकून अख्खा प्रदेश तयार केला आहे, खंड वेगळे झाल्यानंतर. तज्ज्ञ लोक जुळवणी करताना तो तुकडा सोडून देतात. हे त्या मुलीने वेसाव्याच्या खाडीवरून ओळखलं, तेरा वर्षांच्या पोरीने, आणि माझ्या वर्गात ओळखलं. मला आजवर जे काही मिळालं, मानपत्रं, शाली, नारळ, त्यातलं एकही मी त्या मिनिटाच्या शेजारी ठेवणार नाही.

पाठ संपल्यावर चहा झाला, समोसे झाले. दोन-तीन शिक्षक तिला गाठून खाडीबद्दल विचारत होते आणि ती हातवारे करून सांगत होती. टकळी चालू होती. मुख्याध्यापिका माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "पोरगी झकास आहे गं." इतकंच, पण त्यांच्या तोंडून ते खूप होतं.

मग केंद्रप्रमुखांनी भरलेला शेऱ्यांचा कागद माझ्यापुढे आला. त्यात दोन रकाने असतात, गुण आणि त्रुटी. गुणांच्या रकान्यात शैक्षणिक साहित्याचा वापर, फलकलेखन, असलं नेहमीचं होतं. त्रुटींचा रकाना माझ्या नोकरीत आजवर कोराच असायचा. त्या दिवशी त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'विद्यार्थिनी शिक्षिकेचे म्हणणे भर वर्गात खोडून काढते. शिक्षिका त्यास आळा घालत नाहीत.'

खाली 'वरील शेरा मान्य' असं छापलेलं असतं आणि तिथे शिक्षकाने सही करायची असते. मी पेन मागून घेतलं, चष्मा पुसला आणि पूर्ण नाव लिहून सही केली.